एमिल युर्कोनं न घेतलेला विमा

एमिल युर्को कुणाचं ऐकणाऱ्यांतला नव्हता. बेकर्स लँडिंग या नदीकाठच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एमिलला त्याचा थोडा अभिमानच होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गवत कापायची यंत्रं, बर्फ उडवायची यंत्रं, होडीची इंजिनं दुरुस्त करायचा. नदीच्या या काठावर असं यंत्र नव्हतं जे एकदा तरी त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. कुणी यंत्र घेऊन आलं की तो आधी दोरी ओढायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि मग मालकाकडे असा बघायचा की मालक खाली बघायला लागायचा.

"यात तेल घालतात म्हणे," तो म्हणायचा. "कधी ऐकलंयस?"

लोक हसायचे आणि परत यायचे, कारण काम चोख असायचं. रोझेलाही अशीच आली होती, वडिलांचं बंद पडलेलं यंत्र घेऊन, तेव्हा ती फुलांच्या दुकानात नुकतीच लागली होती. त्यानं तिलाही तेच ऐकवलं. ती म्हणाली, "यंत्र माझं नाही, बापाचं आहे. त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत असेल तर चल." तो खरंच गेला. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. मुलं झाली नाहीत. सुरुवातीला त्याचं दुःख झालं, मग ते दोघांच्यात एखाद्या जुन्या खुर्चीसारखं राहिलं, कुणी बसत नाही पण फेकतही नाही.

एमिलचा हट्ट एका बाबतीत मात्र निव्वळ हट्ट नव्हता. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता. छातीत भुकटी बसून त्याचा श्वास गेला आणि शेवटची कित्येक वर्षं तो माणूस भरपाईसाठी कंपनीशी आणि सरकारशी कागदोपत्री भांडत राहिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फायली पसरायच्या, खोकत खोकत सही करायची, तपासणीला जायचं, नकार यायचा, पुन्हा अर्ज. भरपाई मंजूर झाली ती त्याला पुरून झाल्यावर. एमिलनं तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. खाणीत उतरायचं नाही, आणि कुणाच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं नाही. दोन्ही त्यानं पाळल्या. आयुष्यभर स्वतःचा धंदा केला, आरोग्याचा विमा कधी काढला नाही. गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरचं यंत्र तो फुकट बघायचा आणि डॉक्टर त्याचं बोट शिवून द्यायचा. तेवढ्यात भागलं.

पासष्ट वर्षांचा झाला तेव्हा मेडिकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड आपोआप घरी आलं, ते त्यानं पाकिटात घातलं. त्याच आठवड्यात डेलबर्ट मॅकी आला. डेलबर्ट हा त्याचा मासेमारीचा जोडीदार. जन्मभर टपाल वाटलं, निवृत्त झाल्यावर बायको गेली, आणि घर खायला उठतं म्हणून तो ज्येष्ठांच्या केंद्रात जाऊन लोकांना विम्याचं समजावून सांगायचं काम करायला लागला होता. ओसरीत बसल्या बसल्या त्यानं एमिललाही धरलं.

"कार्ड आलं म्हणजे झालं असं नाही," डेलबर्ट म्हणाला. "दवाखान्याच्या बिलाचे पाचातले चार भाग सरकार भरतं. पाचवा तुझ्या डोक्यावर. त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून वरून एक पूरक विमा घ्यायचा. आणि गोळ्यांचा विमा वेगळा."

"म्हणजे तीन विमे. एका माणसाला."

"हो."

"मी गोळ्याच खात नाही."

"आज खात नाहीस. पण आत्ता घेतलास तर तब्येतीबद्दल कुणी एक शब्द विचारणार नाही. सहा महिने तो हक्क असतो. नंतर पूरक विमेवाले सगळं खोदून काढतात, आणि नको असेल तर नाही म्हणतात."

एमिल हसला. "तुला यातून काय मिळतं रे? बक्षिसात टोस्टर?"

"काही मिळत नाही."

"मग कशाला माझ्या मागं लागलायस? दर महिन्याला हप्ता भरायचा, आणि मी धडधाकट राहिलो की ते पैसे त्यांचे. मी माझ्या धडधाकटपणाचे पैसे त्यांना का देऊ?"

रोझेला आतून लिंबाचं सरबत घेऊन आली. तिनं डेलबर्टकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. जेवताना तिनं पुन्हा विषय काढून पाहिला. एमिल म्हणाला, "रोझी, मी आजारी पडलो तर मला शेडमागे पुरून टाक. वरून टोमॅटो लाव. चांगले येतील." ती हसली. तो तसाच बोलायचा, आणि पासष्टाव्या वर्षीही इंजिन एकट्यानं उचलून बाकावर ठेवायचा. डेलबर्टनं नंतर आणखी दोनदा आठवण केली, मग मासे पकडताना भांडण नको म्हणून सोडून दिलं. सहा महिने निघून गेले आणि ते गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चार वर्षं बरी गेली. मग एका हिवाळ्यात एमिलला खोकला लागला. कोरडा, हट्टी खोकला. तो म्हणाला शेडमधल्या धुराचा आहे. त्यानं मागचं दार उघडं ठेवून थंडीत काम केलं, खोकला राहिलाच. मग चर्चच्या पायऱ्या चढताना तो मध्ये थांबायला लागला आणि थांबल्याचं लपवायला बुटाची नाडी बांधायला लागला. रोझेलानं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तुझ्या बुटाला नाडी नाहीये, एमिल." तो नुसते ओढून घालायचे बूट घालून आला होता. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे गेला.

गावातल्या डॉक्टरनं छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. तिथून पिट्सबर्गला. पिट्सबर्गची डॉक्टर लिंडक्विस्ट नावाची उंच, सावकाश बोलणारी बाई होती. तिनं पडद्यावर फुप्फुसांची चित्रं दाखवली. मधाच्या पोळ्यासारखी भोकंभोकं दिसत होती.

"फुप्फुसं आतून कडक होत चाललीत," ती म्हणाली. "जखम भरून आल्यावर कातडी कशी राठ होते, तसं. का होतं हे बऱ्याचदा सापडत नाही."

"माझा बाप खाणीत होता," एमिल म्हणाला. "मी नव्हतो."

"तुमचा आजार तो नाही. पण शेवटी त्रास तसाच होतो."

रोझेलानं विचारलं, "बरा कसा करायचा?"

"बरा होत नाही. एक गोळी आहे. ती वेग कमी करते. जे गेलं ते परत येत नाही, पण जे आहे ते जास्त दिवस टिकतं. म्हणून लवकर सुरू केलेली बरी. मी आजच लिहून देते." तिनं पेन उचललं. "तुमचा औषधांचा विमा कोणाकडे आहे?"

रोझेलाला ती खोली नंतर नीट आठवायची. खिडकीत कृत्रिम झाड होतं आणि त्यावर खरी धूळ होती. एमिल आपल्या हातांकडे बघत होता.

औषधाच्या दुकानातल्या पोरीनं किंमत तोंडानं सांगितली नाही, पडदा त्यांच्याकडे वळवला. एका महिन्याच्या गोळ्यांत चांगली जुनी गाडी आली असती. पोरगी म्हणाली, "विमा नाहीये का? बहुतेकांचा असतो." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. एमिलनं टोपी नीट केली आणि तो बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला.

संध्याकाळी डेलबर्ट आला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसले. डेलबर्टनं "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं रोझेलाला वाटलं. मग निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

"गोळ्यांचा विमा मिळेल," तो म्हणाला. "त्यात आजार विचारत नाहीत. उशीर केल्याचा दंड हप्त्यात कायमचा चढेल, पण मिळेल."

"मग काढ," रोझेला म्हणाली.

"नोंदणी ऑक्टोबरमध्ये उघडते. गोळ्या जानेवारीपासून."

"आत्ता फेब्रुवारी आहे, डेलबर्ट."

"मला माहीत आहे."

"मध्ये काहीतरी वाट असेल."

"आहेत वाटा. अगदी गरीब असलात तर केव्हाही घेता येतो. पण रोझीचा पगार धरून तुमची कमाई त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. एक खास दर्जाचा प्लॅन असतो तोही वर्षभर उघडा, पण आपल्या काउंटीत तो कुणी विकत नाही. मी आज दुपारी बघून आलो."

एमिलनं आपला कप बाजूला सारला. तो म्हणाला, "माझी मोटर जळत असेल आणि मी सांगितलं की तेल ऑक्टोबरमध्ये घालू, तर तू मला काय म्हणशील?"

डेलबर्टनं कॉफीचा कप फिरवला. "मी नियम केले नाहीत, एमिल."

"नाही. तू ते मला सांगितले होतेस." ओसरीतल्या त्या बोलण्याविषयी एमिल पहिल्यांदाच बोलला.

त्यानंतर रोझेलाचे दिवस फोनवर जायला लागले. फुलांच्या दुकानातली सुट्टीची वेळ, घरी आल्यावरची वेळ. वाट बघताना फोनमध्ये संगीत वाजायचं, तेच तेच, आणि मग एखादी बाई यायची. या बाया वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या गोड बोलायच्या. एक तर टेनेसीची होती, तिच्या वडिलांनाही हाच आजार होता. "मला फार वाईट वाटतं, मॅडम," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं. "पण सिस्टिम मला पुढं जाऊ देत नाहीये."

गोळी बनवणारी कंपनी काही लोकांना फुकट देते असं कळलं. रोझेलानं अर्ज केला. उत्तर आलं की तुमच्या नवऱ्याला मेडिकेअरचा औषध विमा घेण्याचा हक्क आहे, त्यामुळे आमची योजना त्यांना लागू नाही. तिनं फोन करून सांगितलं की हक्क आहे पण दार बंद आहे. पलीकडचा मुलगा म्हणाला, "हक्क आहे ना, मग तुम्ही आमच्यात बसत नाही." तिनं त्याला पुन्हा सांगितलं. त्यानं तिला पुन्हा सांगितलं. दोघंही आदरानं बोलत होते.

पूरक विम्याचं त्याहून लवकर आटपलं. डेलबर्टनं एका कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि एमिलच्या हातात दिला. त्या माणसानं वय विचारलं, तंबाखू विचारली, आणि मग, "घरी ऑक्सिजन वापरता का, मिस्टर युर्को?"

ऑक्सिजनचं यंत्र त्याच्या खुर्चीमागेच घुमत होतं. गेल्याच आठवड्यात आलं होतं. एमिलनं फोन त्या यंत्राजवळ नेला, ऐकवला, आणि परत कानाला लावला. "तुम्हीच सांगा."

"माफ करा," तो माणूस म्हणाला. आणखी दोन कंपन्यांनी तेच केलं. मग डेलबर्टनं चौथा नंबर फिरवलाच नाही.

मे महिन्यात गावानं अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये स्पॅगेटीचं जेवण ठेवलं. तिथं कुणाचं घर जळलं, कुणाच्या पोराला कर्करोग झाला, की हॉलमध्ये स्पॅगेटी शिजते आणि दाराशी डबा ठेवतात. एमिल अशा प्रत्येक जेवणाला गेला होता, डब्यात नोट टाकून, दुसऱ्यांदा वाढून घेऊन. आता डब्यावर त्याचाच फोटो चिकटवला होता. फोटोत तो एक मोठा मासा धरून उभा होता.

"मी येणार नाही," तो म्हणाला होता.

"मग मी एकटी उभी राहीन दाराशी," रोझेला म्हणाली. "लोक विचारतील, कुठाय तो? मी सांगेन, लाजतोय."

तो आला. नाकात नळी, शेजारी चाकांचं सिलिंडर. ज्यांना ज्यांना त्यानं शेडमध्ये खाली बघायला लावलं होतं ते सगळे ओळीनं आले, हात मिळवला, डब्यात पैसे टाकले. शाळेतला माळी म्हणाला, "एमिल, मी यंत्रात तेल घालतो हं आता." लोक हसले. एमिलही हसला, पण हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेना. हॉलमध्ये काटे-चमचे थांबले. सगळे आपापल्या ताटाकडे बघत बसले. रोझेला त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्या वेळी तिला त्या सगळ्या चांगल्या माणसांचा मनापासून राग आला.

जेवणातून एका महिन्याच्या गोळ्या आल्या, वर थोडे दिवस. पहिल्या दिवसापासून एमिलचं पोट बिघडलं. ती गोळी बहुतेकांना तसंच करते. खाल्लेलं अंगी लागेना, वजन उतरलं, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. हळूहळू शरीरानं ती गोळी सोसायला घेतली, आणि तोवर बाटली संपली.

डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाली, "मध्ये खंड पडायला नको होता." रोझेला म्हणाली, "हो."

"माझं घर विकून टाकू का?" एमिलनं परतीच्या वाटेवर विचारलं. "जानेवारीपर्यंत पुरेल."

"मग जानेवारीत मला कुठं ठेवशील?"

घर त्यांच्या दोघांचं असूनही तो "माझं" म्हणाला होता. आपल्या चुकीची किंमत एकट्यानं भरायची त्याची धडपड होती ती, हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. गाडी ती चालवत होती, तरी त्याचा हात सवयीनं गिअरवर जायचा.

त्या ऑगस्टमध्ये रोझेला पासष्टची होणार होती. जुलैत डेलबर्टनं फोन केला. "तुझी वेळ आली, रोझी. केंद्रात ये. सहीचं काम आहे, अर्ध्या तासाचं."

"मला नको," ती म्हणाली.

"रोझी."

"त्याला नाही तर मला नको. मी कोणत्या तोंडानं सही करू?"

तिनं फोन ठेवला. एमिल खुर्चीत पडून ऐकत होता. त्यानं थोडा श्वास जमवला, कारण आता बोलायच्या आधी श्वास जमवावा लागायचा. "माझी टोपी दे."

"कशाला?"

"केंद्रात जायचंय."

"एमिल, मी म्हटलं ना, नको."

"चाळीस वर्षं तू माझं ऐकलंस. आणि बघ, काय झालं." तो थांबला. "आणखी एकदा ऐक. मग नको ऐकूस."

ज्येष्ठांच्या केंद्रात त्या दिवशी बायका पत्ते खेळत होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी डेलबर्ट बसला होता, समोर एक खुर्ची. दुसरी एमिलसाठी ओढून घेतली. डेलबर्टनं रोझेलाला विचारलं, नाव, पत्ता, जन्मतारीख. कोणत्या गोळ्या घेतेस? काहीच नाही, फक्त व्हिटॅमिन. कोणतं दुकान सोयीचं? ती एकेका शब्दात उत्तरं देत होती.

"आणि तब्येतीचं?" एमिलनं विचारलं.

"काय तब्येतीचं?"

"तिला विचारणार नाहीस?"

"नाही," डेलबर्ट म्हणाला. तो टेबलाकडे बघत होता. "तिच्या मुदतीत विचारायची परवानगीच नाही. तिला काहीही असलं तरी त्यांना घ्यावंच लागतं."

एमिलनं मान हलवली. जणू एखाद्या परक्या कंपनीच्या इंजिनाची रचना त्याला पहिल्यांदाच कळत होती आणि ती चांगली रचना होती. "चांगलं आहे," तो म्हणाला. "म्हणजे माणसानं फक्त वेळेवर यायचं."

"हो."

"बस. एवढंच."

रोझेलानं सही केली. पूरक विमा, सगळ्यात भरघोस असलेला, आणि औषधांचा विमा. पाचवा भागही आता तिच्या डोक्यावर नव्हता. पत्ते खेळणाऱ्यांतली एक बाई म्हणाली, "अभिनंदन, रोझी, आता तू अधिकृत म्हातारी." सगळ्या हसल्या. रोझेला बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, आणि त्या आवाजात रडून घेतलं. बाहेर आली तेव्हा एमिल आणि डेलबर्ट शेजारी शेजारी बसले होते, होडीत बसायचे तसे.

ऑक्टोबरात नोंदणी उघडली त्या सकाळी डेलबर्ट घरीच आला. एमिलची नोंदणी करायला पाव तास लागला. सगळं एकत्र देणारा दुसऱ्या तऱ्हेचा एक प्लॅनही होता, त्यात दवाखान्याच्या खर्चाला मर्यादा होती, पण त्यात पिट्सबर्गची डॉक्टर बसत नव्हती. म्हणून फक्त गोळ्यांचा घेतला. दंडाचा आकडा पडद्यावर आला. एमिलनं तो वाचला.

"मरेपर्यंत भरायचा ना हा दंड?"

"हो," डेलबर्ट म्हणाला.

"मग स्वस्तात सुटलो." कुणी हसलं नाही. तो म्हणाला, "बाप कागद भरत मेला. मी म्हटलं, आपण नाही भरायचे. आलो फिरून त्याच टेबलावर."

नोव्हेंबरात त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तो बराच काळ होता, त्यातला काही काळ व्हेंटिलेटरवर. सरकारनं आपला वाटा भरला. उरलेला वाटा फुगत गेला, कारण त्याला थांबवायला काहीच नव्हतं. रोझेलानं शेड, त्यातली अवजारं आणि मागची जमीन नदीपलीकडच्या एका तरुण मेकॅनिकला विकली. माणूस सज्जन होता. एमिलचा पाना हातात धरून तो म्हणाला, "हा मी वापरणार नाही, भिंतीवर लावीन." रोझेला म्हणाली, "वापर. भिंतीवर लावलेला त्याला आवडणार नाही." घरी आल्यावर एमिल शेडच्या बाजूच्या खिडकीकडे पाठ करून झोपायला लागला. रात्री नळीचा जाच होतो, या कुशीवर बरं वाटतं, असं तो सांगायचा.

जानेवारीत गोळ्या आल्या. दुकानातल्या त्याच पोरीनं पिशवी दिली. रोझेलानं आपल्या वाट्याचे पैसे भरले, ते फार होते, पण ती भरू शकत होती. तिनं बाटली एमिलच्या हातात ठेवली. त्यानं ती हलवून पाहिली.

"वर्षभर हिच्यासाठी," तो म्हणाला.

पोट पुन्हा बिघडलं. या वेळी झिजायला अंगावर काही शिल्लक नव्हतं. फेब्रुवारीत डॉक्टर लिंडक्विस्टनं नवीन चित्रं पाहिली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली. "आता गोळी बंद केली तरी चालेल," ती म्हणाली. "खाणं तरी सुखाचं होईल."

एमिलनं रोझेलाकडे बघितलं. त्याला विचारायचं होतं ते तिनंच विचारलं. "मागच्या वर्षी मिळाली असती तर?"

डॉक्टर खोटं बोलणारी बाई नव्हती. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "काहींना वर्ष मिळतं. काहींना जास्त. काहींना काहीच नाही."

रोझेलाला वाटलं होतं की एकदा उत्तर मिळालं की आत काहीतरी जागेवर बसेल. तसं काही झालं नाही. उलट त्या "काहींना" शब्दात ती पुढं कित्येक महिने फिरत राहिली. एमिल काहींतला कोण होता? जास्तवाला की काहीच नाहीवाला? ते कळायची सोय नव्हती.

मार्चमध्ये नदीला पूर आला, खालचा रस्ता बंद होता, आणि त्या आठवड्यात एमिल गेला. घरी, पलंगावर, दुपारी. शेवटचे दोन दिवस त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. त्याआधी एकदा त्यानं डेलबर्टचा हात धरून ठेवला होता, आणि डेलबर्ट म्हणाला होता, "मी आणखी एकदा यायला हवं होतं. ओरडायला हवं होतं तुझ्यावर." एमिलनं मान हलवली. जमवलेल्या श्वासावर तो म्हणाला, "ऐकलं नसतं." डेलबर्टला ते क्षमेसारखं वाटलं असेल. रोझेलाला ते नुसतं खरं वाटलं.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये पुन्हा जेवण झालं, हॅम आणि बटाट्याची कोशिंबीर. डेलबर्ट काही दिवस रोज यायचा. मग एक दिवस रोझेला म्हणाली, "डेलबर्ट, तू आलास की मला ते सहा महिने आठवतात. तुझी चूक नाही. पण नको येऊस." तो म्हणाला, "बरं." टोपी घेतली आणि गेला. चर्चमध्ये ते एकमेकांना मान लववायचे.

ती फुलांच्या दुकानात जात राहिली. पूरक विम्याचा हप्ता महिन्याच्या सुरुवातीला बँकेतून आपोआप जायचा. एकदा तिनं तो बंद करायला फोन केला होता. पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, एकदा सोडलात तर परत मिळेलच असं नाही, तुम्हाला माहीत आहे ना?" रोझेला हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली आणि तो आवाज तिलाच ओळखू आला नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "राहू दे चालू."

ऑगस्टमध्ये वार्षिक तपासणीची आठवण करून देणारं पत्र आलं. फुकट असते ती. जायचं नव्हतं, पण गेली. गावात आता तरुण डॉक्टर आला होता. त्यानं रक्तदाब घेतला, छाती तपासली, रक्ताचे आकडे वाचले.

"सगळं उत्तम," तो म्हणाला. "तुमच्या वयाला तर फारच छान. फुप्फुसं एकदम स्वच्छ. अशाच राहिलात तर नव्वदी सहज गाठाल."

"नव्वदी," रोझेला म्हणाली.

"सहज."

तिनं त्याचे आभार मानले. बाहेर ऊन होतं, गाडीचं दार तापलं होतं. ती आत बसली, किल्ली लावली, पण फिरवली नाही. पासष्ट, सहासष्ट, आणि पुढं नव्वदपर्यंतची सगळी वर्षं समोर पडलेली, आणि त्यातल्या कशाचंही काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. नंतर पार्किंगमधल्या एका माणसानं काचेवर टकटक करून विचारलं, "ठीक आहात ना, मॅडम?" ती म्हणाली, "हो, तब्येत उत्तम आहे." आणि तिनं गाडी सुरू केली, कारण दुपारी दुकानात एका लग्नाचे गुच्छ बांधायचे होते.